आरसा की भिंग? प्रकाशाच्या गणितात आणि प्रयोगात या चुका टाळा

आरसा प्रकाश परत फिरवतो; भिंग तो पलीकडे जाऊ देतं, पण वाट वळवून. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातोच.

सर्वांत जास्त गुण जातात ते अधिक-उणे चिन्हांत. येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने मोजलेलं अंतर अधिक, उलट दिशेने मोजलेलं उणे. समजा, वस्तू 30 सेमीवर आहे आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून किंवा भिंगापासून समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचं अंतर, 20 सेमी. अंतर्गोल आरसा असेल तर प्रतिमेचं अंतर उणे 60 सेमी येतं, म्हणजे प्रतिमा वस्तूच्याच बाजूला. बहिर्गोल भिंग असेल तर अधिक 60, म्हणजे भिंगापलीकडे. दोन्ही प्रतिमा वास्तव (म्हणजे पडद्यावर घेता येणाऱ्या), उलट्या आणि दुप्पट. त्यामुळे ‘वास्तव म्हणजे उणे’ असं घोकलं असेल तर भिंगापाशी फसगत ठरलेली. याच उदाहरणात भिंगाचं उत्तर 12 सेमी आलं, तर आरशाचं सूत्र वापरलंय असं समजा. आरशाच्या सूत्रात प्रतिमेच्या आणि वस्तूच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज असते, भिंगाच्या सूत्रात वजाबाकी. खरं तर 12 दिसताच शंका यायला हवी, कारण समोर ठेवलेल्या वस्तूची वास्तव प्रतिमा भिंग आणि नाभी यांच्यामध्ये कधीच पडत नाही.

नावावरूनही गफलत होते. बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतं, बहिर्गोल आरसा ते फाकवतो.

‘नाभीय अंतर म्हणजे वक्रता त्रिज्येच्या (पृष्ठभाग ज्या गोलाचा भाग असतो त्याच्या त्रिज्येच्या) निम्मं’ हा नियम फक्त गोलीय आरशाचा. भिंगात दोन्ही पृष्ठभागांच्या त्रिज्या आणि काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा) असं सगळंच मोजावं लागतं. 1.5 अपवर्तनांकाच्या, दोन्ही बाजू सारख्या असलेल्या पातळ बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर हवेत त्रिज्येएवढंच येतं. तिथे निम्मं केलं की उत्तर चुकलंच. तेच भिंग पाण्यात बुडवलं तर नाभीय अंतर जवळजवळ चौपट होतं. आरसा बुडवा, काही बदलत नाही. परावर्तनाला माध्यमाशी देणंघेणं नसतं.

प्रयोगात प्रतिमा सापडत नसेल तर आधी पडदा कुठे धरलाय ते बघा. अंतर्गोल आरशाच्या मागे पडदा कितीही सरकवला तरी हाती काही लागणार नाही. तो पुढेच धरायचा, आणि अरुंद घ्यायचा, नाहीतर आरशावर येणारा प्रकाश पडद्यानेच अडतो. प्रतिमेभोवती रंगीत कडा दिसत असतील तर तो भिंगाचा स्वभाव आहे, तुमची चूक नव्हे: काच प्रत्येक रंग थोडा वेगळा वळवते. न्यूटनने 1668 मध्ये आरशाची दुर्बीण बनवली ती याच त्रासापायी. पण म्हणून आरसा निर्दोष समजू नका. हबल दुर्बिणीच्या 2.4 मीटरच्या आरशाची कड ठरल्यापेक्षा केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फरकाने सपाट घासली गेली, आणि 1990 साली आलेली छायाचित्रं धूसर निघाली. 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची उपकरणं बसवली.

शेवटचा एक नेहमीचा गैरसमज: अर्धं भिंग झाकलं की अर्धी प्रतिमा. नाही. प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त मंद. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगाच्या उघड्या भागातूनही जातच असतात. आरशालाही हेच लागू.