बांधावरचा पिवळा धोत्रा याच आठवड्यात काढा

गहू-हरभऱ्यात दोनदा खुरपणी करतील, पण बांधाकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पिवळ्या धोत्र्याने रान घेतलेलं मी पाहिलंय ते बहुतेक असंच, बांधावरून आत येऊन. एका बोंडात तीन-चारशे बिया. वाळलं की वरचं तोंड उघडतं आणि वाऱ्याने झाड हललं की बी सांडतं. ते पाटाच्या पाण्याबरोबर वाफ्यात येतं आणि कित्येक वर्षं मातीत दम धरून राहतं.

फुलं दिसू लागलीत, म्हणजे हातात दिवस थोडे आहेत. ढगाळ हवा गेली आणि ऊन तापलं की बोंडं भराभर पिकतात, हा माझा आपला अंदाज.

पाणी दिल्यावर वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, मुळासकट उपटा. वरून विळ्याने छाटलंत तर बुडातून पुन्हा फुटतं. हातमोजे घाला, काटे तर आहेतच, शिवाय मोडल्यावर पिवळा चीक निघतो. बोंडं धरली असतील तर झाड बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नका, भरलेलं बोंड उपटल्यावरही वाळून तडकतं. पोत्यात भरून न्या, वाळवून जाळा.

गव्हात फारच माजला असेल तर पेरणीनंतर 25 ते 30 दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना, मेटसल्फुरॉन मिथाईल 20 टक्के हे तणनाशक एकरी 8 ग्रॅम, 200 लिटर पाण्यातून फवारा. फुलावर आलेल्या झाडावर औषध मारणं म्हणजे पैसे पाण्यात. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याचं आंतरपीक असेल तर याला हात लावू नका, तेही जळेल. दुकानदार सोबत टॉनिकची बाटली पुढे करेल. धोत्र्याला त्याने काही होत नाही.

बाकीची कामं:
– गहू: 40-45 दिवसांनी कांडी धरताना पाणी
– हरभरा: घाटे अळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या)
– उशिरा पेरलेला हरभरा: शेंडे खुडणे

मोहरीवाल्यांनो, तुमचं काम सगळ्यात आधी. धोत्र्याचं बी मोहरीएवढंच, काळपट. तळहातावर घेऊन नीट बघा: मोहरी गुळगुळीत लागते, याच्यावर जाळीदार खाचा असतात. 1998 मध्ये दिल्लीत याचं तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने साठहून अधिक माणसं दगावली. कापणीआधी शेतात फिरून धोत्रा वेगळा काढा, खळ्यावर आल्यावर चाळणीने तो सुटत नाही.