पहिली सेकंडहॅण्ड गाडी घेताय? विम्याचं आधी बघा

गाडी पसंत पडली, टोकन दिलं, आणि आता सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स शोधायला बसलात, असंच ना? स्वस्ताईचं निम्मं काम गाडी निवडतानाच होऊन जातं. थर्ड पार्टीचा (म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या, सक्तीच्या विम्याचा) दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीपर्यंत वर्षाला २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६ आणि त्यावर थेट ७८९७, वर जीएसटी. इथे घासाघीस चालत नाही. हात अजून बसलेला नसताना मोठ्या इंजिनाची हौस करायची तर हा फरक दरवर्षी मोजायची तयारी ठेवा.

परदेशातले व्हिडिओ बघून 'वय कमी म्हणजे प्रीमियम दुप्पट' असं डोक्यात बसलं असेल तर ते काढून टाका. आपल्याकडे आकडा मुख्यतः गाडीवरून निघतो: इंजिन, गाडीचं वय, किंमत आणि नोंदणी कुठली. मुंबई-पुण्याची नोंदणी 'ए' झोनमध्ये धरतात, नाशिक-कोल्हापूरची 'बी'मध्ये, ती थोडी स्वस्त पडते. म्हणून लगेच मावशीच्या पत्त्यावर गाडी नोंदवायला धावू नका, तेवढा फरक नसतो.

लायसन्स, आरसी, पीयूसी हे सांगायला नको. जुनी पॉलिसी मात्र मागून घ्या आणि तारखा नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) मात्र बरेचजण एकाच वर्षाचं घेतात. विकणारा 'इन्शुरन्स अजून दोन वर्षं आहे' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्याबद्दल बोलत असतो.

आता खरं काम. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आरसी नावावर झाली म्हणजे पॉलिसीही झाली, असं होत नाही. आरटीओ विमा कंपनीला कळवत नाही, डीलर कळवत नाही, विकणारा तर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्याला ठोकलं तर त्याचे पैसे निघतात. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे लेखी अर्ज करायचा. मी मागच्या वेळी डीलरच्या 'होऊन जाईल हो, साहेब' वर राहिलो. मग मागचा बंपर आणि डिकी चेपली, आणि नुकसान तपासायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आरसी आणि पॉलिसी बॉनेटवर शेजारी ठेवून दोन्हीवरच्या नावांवर नुसतं पेन फिरवलं. क्लेम तिथेच संपला. ग्राहक मंचात बघून घेऊ म्हणाल, तर सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा हाच अर्थ लावलेला आहे.

नवीन आरसी हातात येईपर्यंत थांबायचं कारण नाही, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म) यांच्या प्रती, आरटीओची पावती, जुनी पॉलिसी आणि विकणाऱ्याचं संमतीपत्र घेऊन अर्ज टाका. शुल्क किरकोळ असतं. ईमेल केलात तर पोच मागा, शाखेत गेलात तर प्रतीवर शिक्का घ्या. संमतीपत्र व्यवहाराच्या दिवशीच सही करून घ्या, नंतर तो माणूस फोन उचलत नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट निघते, नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याला ५० टक्के सूट मिळत असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर होताना त्या सुटीचा फरक कंपनी तुमच्याकडून मागते. तो भरायचा. तो वाचवायला जुन्या नावावर पॉलिसी चालू ठेवणारे बहाद्दर आहेत. १४ दिवसांचा परिच्छेद त्यांनी परत वाचावा. तुमचा बोनस शून्यापासून सुरू होईल: बिनक्लेमच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. त्यामुळे खांबाला घासून आलेल्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, पुढच्या वर्षीची सूट त्याहून जास्त असू शकते. तसाही क्लेममधला पहिला हजार (१५०० सीसीच्या वर दोन हजार) तुमच्याच खिशातला.

नवी पॉलिसी घ्यायची वेळ आली की कोट मागवताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) सगळ्यांकडे सारखीच ठेवा. गाडी चोरीला गेली तर मिळणारा आकडा तो हाच. आज तेच मॉडेल नवीन ८ लाखांचं असेल आणि तुमची गाडी दोन ते तीन वर्षांची, तर ३० टक्के घसारा जाऊन ५ लाख ६० हजार धरतात. एखादा कोट फारच स्वस्त दिसला तर आधी हा आकडा बघा, तिथेच कात्री लागलेली असते.

नवशिक्याने झिरो डेप (क्लेममधून भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) वगळू नये, गाडीच्या वयात मिळत असेल तर. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि नवशिक्या फोडतो काय, तर बंपर. इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर उपयोगी पडणारं कव्हर) पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर घ्या. चावी हरवल्याचं कव्हर वगैरे तुमची मर्जी. व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममधला स्वतःहून सोसायचा जादा हिस्सा) वाढवून प्रीमियम कमी होतो खरा, पण पहिल्या दोन वर्षांत मी तरी सुचवणार नाही. गाडी कमी चालणार असेल तर 'पे ॲज यू ड्राइव्ह' (जेवढी गाडी चालेल त्या हिशोबाने प्रीमियम) विचारा. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आधीच असेल तर ते कळवा, दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर हवं आणि पॉलिसीतही. लर्निंग लायसन्सवर चालवताना शेजारी पक्कं लायसन्सवाला आणि काचेवर 'एल' हवाच. यात चूक झाली तर क्लेम अडकतो.

रिन्यूअल मुदतीत करा. खंड पडला तर गाडीची तपासणी होते, आणि ९० दिवस उलटले की बोनसही जातो. कॅशलेस गॅरेज जवळ आहे का ते बघून ठेवा.

पॉलिसीवर नाव तुमचं आलं का, ते पीडीएफ उघडून वाचा. चेसिस नंबर जुळवा. आणि मोबाइल नंबर, ईमेल तुमचाच द्या, एजंटचा नको, नाहीतर रिन्यूअलचे मेसेज त्याला जातात आणि तो तुम्हाला आदल्या रात्री फोन करतो.