गोल्फ बॉल घ्यायचाय? आधी एका राउंडला किती हरवतात ते मोजा

बॉलचे डबे बघितलेत का कधी नीट? टूर, सॉफ्ट, स्पीड, डिस्टन्स, नाव काहीही असो, सगळ्यांवर एकच गोष्ट लिहिलेली, हा लांब जातो. आता गंमत अशी की बॉल जास्तीत जास्त किती लांब जावा याची मर्यादा गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांनी नियमातच घालून ठेवलीय, त्यामुळे नियमात बसणाऱ्या दोन बॉलमध्ये ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, होणारा फरक आपल्यासारख्या हौशी माणसाला जाणवेल एवढा क्वचितच असतो. ज्याचा ड्राइव्ह एकदा फेअरवेच्या छाटलेल्या गवतात आणि दोनदा झाडीत जातो त्याने पाच-सात यार्डांसाठी दुप्पट पैसे मोजणं म्हणजे निव्वळ हौस.

माझ्या मते बजेटमधला बॉल दोनच गोष्टींवरून ठरवावा. राउंडला किती हरवता, आणि ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताजवळ, आल्यावर काय करता.

पहिली गोष्ट मोजायला सोपी आहे. पुढचे काही राउंड स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात प्रत्येक हरवलेल्या बॉलला एक रेघ मारा, पाण्यात गेला, आउट ऑफ बाउंड्स गेला, गवतात सापडला नाही, सगळं धरून. डझनाचा डबा म्हणजे तीन-तीन बॉलच्या चार स्लीव्ह. राउंडला चार हरवत असतील तर डझन तीन राउंडमध्ये संपलं, मग डझनाच्या किमतीला तीनने भागा आणि बघा तो आकडा दर वेळी खिशातून काढायला बरा वाटतो का. तीन-चारच्या वर हरवत असतील तर महागड्या बॉलचा विचारच सोडा, स्वस्त टू-पीस किंवा चांगला वापरलेला घ्या. एखाददुसराच हरवत असेल तर मग पुढचं वाचण्यात अर्थ आहे. आणि महाग बॉल ठेवून पाण्यावरून मारायची वेळ आली की हात कसे आवळतात ते ज्याचं त्यालाच माहीत, तो खर्च कुठल्या हिशोबात धरत नाही कोणी.

आता बॉलच्या आत काय असतं ते. टू-पीस म्हणजे मधे रबराचा मोठा गोळा आणि वर आयोनोमर या प्लास्टिकचं कडक कव्हर, सर्लिन हे त्याचंच एक प्रसिद्ध नाव. हा बॉल टिकतो, कार्ट पाथवर आपटला तरी सहसा थोडं खरचटण्यावर निभावतं, आणि याला स्पिन, म्हणजे फिरकी, कमी मिळते. नवख्याला कमी स्पिन फायद्याचाच, कारण स्लाइस, म्हणजे बाजूला वळत जाणारा फटका, मारलात तर बॉल जरा कमी वळतो. जरा कमी हां, स्लाइस जात नाही त्याने, झाडीत थोडा अलीकडे पडतो एवढंच.

थ्री-पीस किंवा त्याहून जास्त थरांचे बॉल, ज्यांच्यावर युरेथेनचं मऊ कव्हर असतं, ते महाग. 2000 साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन हा बॉल आला आणि त्याआधीचे रबराचा दोरा गुंडाळून केलेले बलाटा बॉल, जे एक चुकीचा फटका बसला की चिरायचे, बघता बघता मागे पडले. युरेथेनचा खरा फरक दिसतो वेजने, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबने. कव्हर मऊ असल्यामुळे ते क्लबच्या खाचांमध्ये पकड घेतं, आयोनोमर थोडं घसरतं. ग्रीनच्या बाहेर वीस पावलांवरून दोन्ही बॉल सारखेच चिप करून, म्हणजे छोट्या फटक्याने हलकेच उचलून, बघा, स्वच्छ लागला तर युरेथेनवाला एक-दोन टप्प्यांत दबकतो आणि थांबायला बघतो, दुसरा आरामात घरंगळत पुढे जातो. पण हे "स्वच्छ लागला तर" महत्त्वाचं. क्लब आणि बॉलच्या मधे गवत आलं, किंवा आधी जमीन लागली, की महागडा स्पिन गेलाच. शिवाय घरंगळणारा बॉल वाईट असतो असं नाही, तो नेहमी सारखाच घरंगळत असेल तर अलीकडे टाकायला शिकता येतं आणि बरेच जण तसंच खेळतात.

मधला मार्ग पण आहे. कर्कलंड सिग्नेचर, मॅक्सफ्लाय टूर, व्हाइस प्रो, स्रिक्सन क्यू-स्टार टूर, टेलरमेड टूर रिस्पॉन्स, हे सगळे युरेथेन कव्हरचे आणि साधारणपणे वरच्या गटापेक्षा कमी किमतीचे. नावात टूर आहे म्हणून युरेथेन असेलच असं मात्र धरू नका, कव्हर कशाचं आहे ते डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर वाचा.

कॉम्प्रेशनवर, म्हणजे बॉल किती दबतो या आकड्यावर, फार डोकं खाजवू नका. आकडा कमी म्हणजे बॉल मऊ, जास्त म्हणजे कडक, तिशीपासून शंभराच्या आसपास जातो. स्विंग हळू म्हणून मऊच बॉल पाहिजे हे सगळे सांगतात पण तसं काही बंधन नाही, हळू स्विंगवाल्याला कडक बॉल पण चालतो, मऊ बॉल हाताला गोड लागतो एवढं खरं. पटरवर, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायच्या क्लबवर, कुठला आवाज आणि स्पर्श आवडतो त्यावरून ठरवा.

वापरलेले बॉल हा बजेटवाल्यांचा खरा खजिना, पण इथे डोळे उघडे ठेवा. ग्रेड देतात, फाइव्ह ए म्हणजे जवळपास नव्यासारखा, खाली उतराल तसे ओरखडे आणि पेनाच्या खुणा वाढत जातात. सरावाला आणि रोजच्या राउंडला मधला ग्रेड पुरतो. जपायचं ते रिफिनिश्डपासून, म्हणजे जुन्या बॉलचा रंग काढून नवा रंग आणि नवा छाप मारलेला. दिसायला तो फाइव्ह एपेक्षा चकचकीत, पण जवळ धरून बघितलं तर डिंपलच्या, म्हणजे बॉलवरच्या खळग्यांच्या, तळाशी रंग साचल्यासारखा दिसतो, कडा बोथट असतात, कधीकधी छापील अक्षरं जरा जाडसर. डिंपल उगाच नक्षीसाठी नसतात, हवेचा अडथळा कमी करून बॉलला उचल तेच देतात, त्यामुळे त्यावर रंगाचा थर चढला की बॉल कसा उडेल सांगता येत नाही. फक्त धुऊन पुसून विकलेला रिसायकल्ड बॉल वेगळा, तो बिनधास्त घ्या. तळ्यात फार दिवस पडून राहिलेला बॉल थोडा मंदावतो, पण पिवळट किंवा डागाळलेला टाळलात की बराचसा धोका गेला.

नवीनच पाहिजे असेल तर स्वस्तात मिळायच्या तीन वाटा. एक, मागचं मॉडेल, प्रो व्ही वनसारख्या बॉलची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते आणि ती आली की जुन्याची किंमत उतरते, बॉल तोच चांगला. दोन, कुठल्यातरी कंपनीचा लोगो छापून उरलेले बॉल, लोगोचं वाईट वाटत नसेल तर आत काहीच फरक नाही. तीन, एक्स-आउट, ज्यांच्या नावावर फुली मारलेली असते कारण छपाईत किंवा रंगात काही चुकलेलं असतं. मित्रांबरोबर खेळायला झकास, पण स्पर्धेत फक्त मान्य यादीतले बॉल असा स्थानिक नियम लावलेला असेल तर एक्स-आउट चालत नाही, आधी विचारा. सरावाच्या रेंजवरचे बॉल खिशात घालायचे नाहीत, ते टिकण्यासाठी बनवलेले असतात, उडण्यासाठी नाही, आणि मुळात ते आपले नाहीत.

निवड करताना उलट्या दिशेने या. दोन प्रकारची एक-एक स्लीव्ह घ्या, आधी पटिंग, मग चिप, मग आयर्न, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक ड्रायव्हरपासून सुरू करतात आणि एका नशिबाने बसलेल्या फटक्यावर डझन विकत घेतात. एकदा ठरला की काही महिने तोच ठेवा, दर होलला वेगळा बॉल काढलात तर चिप किती घरंगळणार याचा अंदाज कधीच बसणार नाही. नियमाने दोन होलच्या मधे बॉल बदलता येतो, पूर्ण राउंड एकाच मॉडेलने खेळायची सक्ती हा वेगळा स्थानिक नियम आहे आणि तो मुख्यतः वरच्या पातळीच्या स्पर्धांत लावतात.

आणि रंगाचा विचार करा खरंच. 2019 पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. उंच गवतात, वाळलेल्या पानांत पिवळा बॉल पटकन दिसतो, पांढरा त्या पानांवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यांत हरवून जातो. वर मार्करने स्वतःची खूण करा, दोन ठिपके, एक रेघ, काहीही, कारण चुकून दुसऱ्याचा बॉल मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, दोन स्ट्रोकचा दंड बसतो, आणि त्याच कंपनीचा, तोच नंबर छापलेला बॉल बाजूच्या माणसाकडे असणं अगदी नेहमीचं आहे.