ऑलव्हील ड्राइव्ह गाडीचं सस्पेन्शन शिकायचंय? स्प्रिंगला हात शेवटी लावा

डिप्लोमा संपला की पोरं भेटायला येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, दादा परफॉर्मन्स गाड्यांचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू, आणि मोबाइलमध्ये कुठल्यातरी कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा, फोटो उघडलेला असतो. मी भोसरीत सस्पेन्शनचंच काम करतो, अकरा वर्षं झाली, म्हणून मला सुरुवातीला जे कळायला दोन वर्षं लागली ते लिहून ठेवतोय, तुमची तेवढी वर्षं वाचली तर चांगलंच आहे.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढा, की चारही चाकांना ताकद आहे म्हणजे गाडी वळणात आपोआप चिकटून राहते. ऑलव्हील ड्राइव्हने वळणातून बाहेर पडताना ताकद चार टायरमध्ये वाटली जाते, चाक फुकट फिरत नाही, एवढं खरं, पण वळणात शिरताना टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच राहते, उलट जादा डिफरन्शिअल आणि ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या भागांचं, वजन वाढलेलं असतं. टायरकडे पकडीची एकच शिदोरी असते, त्यातली थोडी अ‍ॅक्सिलरेटरने खाल्ली की वळायला तेवढी कमी उरते. म्हणून या गाड्यांची कायमची तक्रार अंडरस्टीअर, म्हणजे स्टीअरिंग फिरवलंय पण गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला सरकतंय.

आणि सगळ्या ऑलव्हील ड्राइव्ह सारख्या नसतात हे पहिल्या आठवड्यात शिका. आपल्या चाकणलाच असेम्बल झालेली मर्सिडीजची एएमजी ए३५ सेडान बघा, २०२१ ला आली, ३०६ एचपी, इंजिन आडवं, एरवी पुढची चाकं ओढतात आणि गरज पडली की मागच्या बाजूचा क्लच जास्तीत जास्त निम्मी ताकद मागं घेतो. त्याच वर्षी आलेली बीएमडब्ल्यूची एम३४०आय एक्सड्राइव्ह, ३८७ एचपी, हिचं इंजिन उभं, मुळात मागच्या चाकांची गाडी आणि गरजेप्रमाणे ताकद पुढं जाते. दोघींना एकच औषध दिलं तर एक सुधारेल आणि दुसरी पावसात मागून सुटेल. गाडी आत आली की आधी लेआउट विचारा, मग बाकीचं.

आता माझा शिकण्याचा किस्सा. मी नवीन असताना आडव्या इंजिनची एक ऑलव्हील ड्राइव्ह सेडान आली, मालक बाणेरचे, म्हणाले गाडी ४० एमएम खाली बसवा, घाटात नाक बाहेर जातं. मी खूश, माझा पहिला कॉइलओव्हर जॉब. आमचे मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते म्हणाले पार्ट्स मागवू नकोस, दोन दिवस नुसती मापं घे. मला राग आला होता पण घेतली. टायरचं प्रेशर थंड असतानाच ४१ पीएसआय, म्हणजे दाराच्या स्टिकरपेक्षा बरंच वर. पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय तो कोन (उणे म्हणजे वरचा भाग आत), डावीकडे उणे १.१ डिग्री आणि उजवीकडे उणे ०.३, बहुतेक खड्ड्यात आपटल्यामुळं. टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर, दोन्हीकडे आत. पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे घासलेले आणि आतली बाजू जवळजवळ कोरी, म्हणजे वळणात टायर बाहेरच्या कडेवरच उभा राहत होता. कॅम्बर दोन्हीकडे उणे १.५ च्या आसपास आणला, टो जवळजवळ शून्य, प्रेशर स्टिकरप्रमाणे. मालक एक चक्कर मारून आले आणि विचारलं नक्की कुठला पार्ट टाकलात, एकही टाकला नव्हता.

हे सगळं मापायला महागडं मशीन लागतंच असं नाही. दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून टो काढता येतो, ओळंबा किंवा डिजिटल अँगल गेज लावून कॅम्बर, फक्त खालची जमीन सपाट आहे का ते आधी बघा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारा, चक्कर मारून आल्यावर खडू कुठपर्यंत पुसला गेलाय त्यावरून टायर किती लवंडतोय ते दिसतं. मी अजूनही खडू वापरतो. आणि ऑलव्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, कारण दोन नवे दोन जुने असले की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो आणि ताकद वाटणारा क्लच सरळ रस्त्यावरसुद्धा घसरत राहतो, तापतो. तिथं पैसे वाचवणाऱ्या मालकाला हात जोडून समजवा.

त्यानंतर पहिला पार्ट टाकायचा तर माझ्या मते मागचा जाड स्वे बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं झुकणं रोखणारी दांडी. वळताना वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, किती जाणार ते स्पीड, गुरुत्वमध्याची उंची आणि ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, यावर ठरतं, पण त्यातलं पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती हे कडकपणा ठरवतो. मागचा बार कडक केला की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढच्या बाहेरच्या टायरवरचा भार थोडा हलका होतो आणि नाक आत यायला लागतं. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २२ एमएमच्या जागी २४ चा भरीव बार टाकला तर फक्त दोन एमएमचा फरक, पण कडकपणा साधारण ४२ टक्के जास्त. म्हणून थोडंच जाड घ्या. बाणेरच्या गाडीला आम्ही दोन भोकांचा बार लावला, भोक बदललं की कडकपणा बदलतो, आणि मऊ भोकात ठेवला, कारण मालक पावसाळ्यात ताम्हिणीने कोकणात जाणारे, तिथला पाऊस सगळ्यांना माहितीये, ओल्या रस्त्यावर मागचा बार फार कडक असला आणि वळणात घाबरून पाय उचलला तर मागची बाजू पटकन निघते.

स्प्रिंग आणि शॉकअप याच्यानंतर. गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर, पण पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब, असेल तर लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, चाकाकडे वर चढायला लागतो आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी खाली बसवूनही झुकायची ओढ वाढलेली. चाकाला वर जायला जागा उरत नाही, बंपस्टॉप म्हणजे शेवटचा रबरी ठोकळा लागतो, आणि बंपस्टॉप लागला की तेवढ्या क्षणापुरती तीच स्प्रिंग, एकदम दगडासारखी. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तर वेगळाच. पुण्यात रोज चालणारी गाडी मी १५-२० एमएमपेक्षा जास्त खाली बसवत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

एक गणित पाठ करा. चाकापाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले मोशन रेशोचा वर्ग, मोशन रेशो म्हणजे चाक जेवढं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग हलते. स्ट्रटमध्ये रेशो एकाच्या जवळ असतो, पण मागच्या मल्टीलिंकला, म्हणजे अनेक आर्मवाल्या सस्पेन्शनला, स्प्रिंग आत बसलेली असेल आणि रेशो ०.७ असेल तर वर्ग ०.४९, म्हणजे चाकाला निम्माच कडकपणा पोचतो. सेटमध्ये मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा खूप कडक दिसली की नवी पोरं म्हणतात चुकीचा पार्ट आला, चुकीचा नसतो.

आता माझ्याकडून झालेली चूक, ही प्रत्येकाने वाचावी. पहिल्या वर्षी एका गाडीचे लोअर आर्म बदलले, गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि तशीच सगळी बोल्ट टॉर्कला आवळली. आर्मच्या टोकाला बसणाऱ्या रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळतं. मी लोंबकळत्या अवस्थेत आवळल्यामुळं गाडी जमिनीवर आल्या आल्या रबर कायमचं पिळलेलं राहिलं, चार महिन्यांत बुश फाटले, आणि गाडीत दोन लहान मुलं बसायची. पैसे परत दिले, काम परत केलं, पण त्या रात्री झोप लागली नाही मला. बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, रॅम्पवर किंवा चाकांखाली ठोकळे देऊन, आणि मगच शेवटचा टॉर्क. स्ट्रटची स्प्रिंग दाबतानाही तशीच काळजी घ्या, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर धड नसेल तर हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाऊ शकतो.

शिकायचं कुठं, तर कॉलेजात असाल तर बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धांच्या टीममध्ये घुसा आणि सस्पेन्शनच मागा, तिथं स्वतः काढलेलं गणित स्वतः वेल्ड करावं लागतं. नसेल जमत तर साध्या अलाइनमेंटच्या दुकानात सहा महिने काढा, दिवसाला दहा गाड्या हाताखालून जातात. पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, फिरा, जुने आर्म, बुश, लिंक रॉड हातात घेऊन बघा कुठं झिजतात. आणि टेस्टिंगसाठी घाटात रेस लावू नका, मालकाची परवानगी घेऊन एखादं रिकामं मोठं पटांगण शोधा. गाडीच्या मध्यरेषेने ३० मीटर व्यासाचं वर्तुळ पकडा, त्यात गोल फिरा आणि फेरीची वेळ घ्या, साडेआठ सेकंद लागले तर बाजूचं त्वरण साधारण ०.८४ जी, आठ सेकंद लागले तर ०.९४. एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, प्रेशर किती, भोक कुठलं, रस्ता कोरडा की ओला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळं काय झालं ते कळत नाही.

कागदपत्रांचंही बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, ते वाचा, आणि मालकाला विमा कंपनीला लेखी कळवायला सांगा, नंतर क्लेम अडकला की फोन आपल्यालाच येतो.

आणि काम झाल्यावर गाडी पाचशे किलोमीटरनंतर परत बोलवा, नवीन स्प्रिंग थोडी बसते, उंची दोन-चार एमएम बदलते, त्यामुळं कॅम्बर टो परत तपासायचा आणि सगळ्या बोल्टवर परत एकदा टॉर्क रेंच फिरवायचा. मी याचे पैसे घेत नाही.