टायटॅनियमची रोड बाईक घेतलीय? मग या चुका टाळा

फ्रेम घेतली तेव्हा ज्याला त्याला विचारलं तो एकच सांगायचा, "टायटॅनियम ना, मग काही बघायलाच नको". आता सहा वर्षं झाली, पुण्यात रोजची राईड, दरवर्षी दोन-तीन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड), आणि फ्रेम खरंच जशीच्या तशी आहे, गंजाचा ठिपका नाही. पण या सहा वर्षांत माझ्या सायकलला जे जे झालं ते सगळं त्या "बघायलाच नको"मुळे झालं. कारण फ्रेम टायटॅनियमची असली तरी सीटपोस्ट (सॅडलखालचा दांडा) अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टीलचे, बेअरिंग स्टीलची, आणि टायटॅनियम जिथे जिथे दुसऱ्या धातूला टेकतं तिथेच सगळी दुखणी सुरू होतात.

सीटपोस्ट वर्षानुवर्षं तसाच ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच सांगतो. माझ्या सॅडलची हाइट एकदा मस्त बसली, मग कशाला हात लावायचा असं म्हणून दोन पावसाळे मी पोस्ट बाहेर काढलाच नाही. मडगार्ड नाही, त्यामुळे बोपदेव घाट असो की सिंहगड पायथा, मागच्या चाकाने उडवलेलं सगळं पाणी आणि चिखल थेट सीट क्लॅम्पच्या फटीत. तिसऱ्या वर्षी नवीन सॅडल घेतली, हाइट फक्त ३ मिलिमीटर कमी करायची होती, क्लॅम्प सैल केला आणि पोस्ट जागचा हलेना.

होतं काय की दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते. त्यात टायटॅनियमला काही होत नाही, खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची जी पांढरी पावडर होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे पोस्ट आतल्या आत पाचरीसारखा घट्ट बसतो.

आता यावरची दुसरी चूक. अडकलंय म्हटलं की आपण पटकन हीट गन घेतो. टायटॅनियम फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर हे करू नका, कारण गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमच्या अडीच पटीहून जास्त फुगतं, म्हणजे आतला पोस्ट आणखी आवळला जातो. इथे उलटं करायचं, गार करायचं. मी सायकल उलटी करून बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तो बेअरिंगचा भाग) बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल आत सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग पोस्टचा बाहेरचा भाग बर्फाच्या पिशव्यांनी गुंडाळून, जुनी सॅडल लावून ती हळूहळू डावी-उजवी फिरवली. पहिल्यांदा "कट्" असा आवाज आला तेव्हा फ्रेमच गेली असं वाटलं होतं, पण सुटला. एवढं करूनही सुटला नाही तर जोर वाढवू नका, पातळ सीट ट्यूब (पोस्ट ज्यात बसतो ती नळी) पिळली जाऊ शकते, सरळ जाणकार मेकॅनिककडे न्या. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवायचा उपायही लोक सांगतात, पण त्यात हायड्रोजन सुटतो आणि डोळ्यांत उडालं तर डोळे जातात, तो घरी करायचा प्रकार नाही.

हे टाळायला लागतात दहा मिनिटं. हाइटच्या जागी इन्सुलेशन टेप लावायची, पोस्ट बाहेर काढायचा, फडक्याने पोस्ट आणि ट्यूबचा आतला भाग पुसायचा, अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू न देणारी पेस्ट) लावून परत बसवायचा. कॉपरवालं अँटी-सीझ ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. साधं ग्रीस काहीच नसण्यापेक्षा बरं, पण पावसात ते धुऊन जातं. मी पावसाळ्याआधी एकदा, मध्ये गणपतीच्या सुमारास एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा करतो. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावा. कार्बन आणि टायटॅनियमचं बऱ्यापैकी जमतं, पण काढून पुसणं तिथेही चुकत नाही.

आणि पोस्ट किती आत आहे तेही बघा. पोस्टवरची मिनिमम इन्सर्शनची रेघ आत गेली म्हणजे झालं असं नाही, पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) जोडाच्या खाली पोचलेलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला सगळा भार त्या जोडावर येतो आणि क्रॅक तिथूनच सुरू होते.

कोरडे थ्रेड

टायटॅनियमच्या थ्रेडमध्ये काहीही कोरडं फिरवू नका, ना बीबी, ना बॉटल केजचा बोल्ट. हा धातू घासला की समोरच्याला चिकटतो, थ्रेड एकमेकांत रुततात आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. बीबीचे कप आधी हाताने तीन-चार आटे बसवा, हाताने जात नसेल तर तिरका लागलाय, थांबा. बीएसए प्रकारच्या, म्हणजे आट्यांच्या बीबीला चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो हे घाईत विसरलं जातं. हलके म्हणून टायटॅनियमचे बोल्ट घेणाऱ्यांनाही सांगतो, बॉटल केजला खुशाल लावा, पण स्टेमला (हँडल धरून ठेवणारा भाग) कंपनीने दिलेले स्टीलचेच राहू द्या, आणि टॉर्क रेंच वापरा, स्टेमवर ५ एनएम (न्यूटन मीटर) लिहिलं असेल तर ५च.

आवाज आला की बीबी बदलणं

कटकट आवाज आला की पहिला संशय बीबीवर. पण नळ्यांमधून आवाज असा फिरतो की सीटपोस्टचा आवाज पायाखालून आल्यासारखा वाटतो. माझ्या ओळखीत एकाने दोन बीबी बदलले आणि शेवटी आवाज निघाला मागच्या क्विक रिलीजचा. आधी नीट ऐका. बसून पेडल मारताना येतो आणि उभं राहिलं की जातो, तर सॅडल किंवा सीटपोस्ट. उभं राहूनही प्रत्येक पेडलला येतो, तर पेडल, चेनरिंगचे बोल्ट, क्रँक आणि मग बीबी. पेडल थांबवून हँडल डावीकडे-उजवीकडे ओढल्यावर येतो, तर स्टेम किंवा हेडसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंग). एका वेळी एकच गोष्ट काढा, साफ करा, लावा, राईड मारा. सगळं एकदम उघडलं तर आवाज जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही.

क्रॅक बघायचीच नाही, आणि दिसली की कुठेही वेल्डिंग करायचं

टायटॅनियम फ्रेम तुटत नाही असं नाही, तुटते, आणि तुटली तर बहुतेक वेळा वेल्डच्या शेजारीच. डाउन ट्यूब हेड ट्यूबला मिळते तिथे खालून, सीट ट्यूबच्या खाचेपाशी, चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) आणि बीबी शेलचा जोड, मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा), एवढ्या जागा महिन्यातून एकदा सायकल धुतल्यावर उजेडात बघा. केसासारखी काळी रेघ पुसूनही जात नसेल तर राईड बंद. ओरखडा की क्रॅक हे कळत नसेल तर भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करणारे लोक आहेत, लाल रंग लावतात, पुसतात, वर पांढरं डेव्हलपर मारतात, क्रॅक असेल तर लाल रेघ वर येते.

पण तिथल्याच वेल्डरला "मार रे टिग" (टिग वेल्डिंग) म्हणू नका. स्टेनलेसचं सुंदर काम करणारा माणूसही टायटॅनियम बिघडवू शकतो, यात त्याचा दोष नाही, धातूच तसा आहे. रत्नागिरीत काळबादेवी-मालगुंडच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते ना, त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज, खनिजाला काही तोटा नाहीये. पण टायटॅनियमने ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला असतो की त्याच्यापासून सोडवणं अतिशय महाग, आणि वेल्डिंगला गरम झालं की ते हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन परत ओढून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून आर्गॉन बाहेरून तर लागतोच, नळीच्या आतूनही भरावा लागतो. वेल्ड चांदीसारखा किंवा फिकट पिवळसर दिसला तर ठीक, निळा-जांभळा किंवा राखाडी भुकटीसारखा झाला तर तो जोड परत जाणार. आधी फ्रेम बनवणाऱ्याला फोटो पाठवा. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे सेकंडहँड घेताना ही सगळी तपासणी पैसे देण्याआधी.

वर्कस्टँडचा जबडा टॉप ट्यूबवर आवळू नका, सीटपोस्टला पकडा. नळीची जाडी कशीबशी एक मिलिमीटर, पोचा आला तर तो कायमचा.

धुताना साधा साबण आणि पाणी पुरतं. ब्रश फिनिश असेल तर बारीक ओरखडे स्कॉच-ब्राइटने जातात, पण घासायचं मूळ रेघांच्याच दिशेने. दाणेदार मॅट फिनिशवर मात्र स्कॉच-ब्राइट लावलं की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि ते परत बसत नाही. टाइल्सचं किंवा अलॉय व्हीलचं ॲसिड अजिबात नको, काहींमध्ये फ्लोराइड असतं आणि टायटॅनियमला खरोखर खाणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ते एक आहे.

आरामाची जबाबदारी फ्रेमवर टाकणं

टायटॅनियम घेतलं की हात दुखायचे थांबतील असं वाटून बरेच जण घेतात आणि २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा भरून खंबाटकीच्या रंबलरवरून जातात. फ्रेमचा फरक असतो, मला जाणवतो, पण टायरपुढे तो फारच थोडा. फ्रेममध्ये २८ बसत असेल तर २८ लावा. माझं वजन ७२ किलो, मी मागे ७२ आणि पुढे ६६ पीएसआय ठेवतो, तुम्ही तुमच्या वजनाप्रमाणे थोडं थोडं कमी करत बघा. आणि वजनासाठी ही फ्रेम घेऊ नका, दीड किलोच्या आसपास असते, चांगली कार्बन एक किलोच्या आत येते.

शेवटचं म्हणजे हँगर. आरडी (मागचा डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा) ज्याला लटकते तो छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आणि टायटॅनियमच्या फ्रेम आपल्याकडे इतक्या कमी आहेत की दुकानात तो मिळतच नाही. ३०० किलोमीटरच्या एका बीआरएमला वाईच्या पुढे एका रायडरचा हँगर तुटला, हातात अजून नऊ तास होते, पायात ताकद होती, आणि तो टेम्पोत सायकल टाकून परत गेला. त्या दिवसापासून माझ्या सॅडल बॅगेत ट्यूबच्या शेजारी एक हँगर आणि त्याचा बोल्ट टेपने गुंडाळून ठेवलेला असतो.