सीमेपलीकडे राहून मॅटर्निटीचे पैसे घेताय? या चुका टाळा

आम्ही राहायला डेट्रॉइटच्या बाजूला आणि माझी नोकरी विंडसरला, म्हणजे रोज बोगद्यातून अमेरिका ते कॅनडा आणि संध्याकाळी परत. त्यामुळे गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसादाची वाटी असताना मला हमखास विचारलं जातं, "ताई, मॅटर्निटीचे पैसे कुठल्या देशातून मिळतात हो?" तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. लोकांना वाटतं राहतो तो देश पैसे देतो. नाही. पगारातून ज्या देशात विम्याचा हप्ता कापला जातो तिथून मिळतात. कॅनडात नोकरी असेल तर पे स्लिपवर ईआयची (एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, कॅनडाचा सरकारी रोजगार विमा) कपात दिसते, ती असेल आणि मागच्या ५२ आठवड्यांत ६०० तास भरले असतील तर घर मिशिगनमध्ये (म्हणजे डेट्रॉइटच्या राज्यात) असलं तरी ईआयचे १५ आठवडे मिळतात, सरासरी पगाराच्या ५५ टक्के, वर मर्यादा आहे (२०२५ मध्ये आठवड्याला ६९५ कॅनेडियन डॉलर). बाळ कुठल्या हॉस्पिटलात झालं याचा काही संबंध नाही.

उलट बाजूचं ऐका. एक ओळखीची जोडी विंडसरला घर घेऊन राहते, त्यातली बायको नोकरी करायची डेट्रॉइटला. "आम्ही कॅनडात टॅक्स भरतो ना" म्हणून निवांत होते, सातव्या महिन्यात कळलं की ईआयचा एक डॉलरही कापला गेला नव्हता, मग मिळणार काय? मिशिगनमध्ये बाळंतपणाची पगारी रजा देणारा राज्याचा कायदा नाही. एफएमएलए या अमेरिकेच्या केंद्रीय रजा कायद्याची १२ आठवड्यांची रजा आहे पण ती बिनपगारी, शिवाय कंपनीत १२ महिने आणि १२५० तास भरलेले हवेत. कॅनडातल्या फोर्ट एरीहून न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला कामाला जाणाऱ्यांचं नशीब बरं, न्यूयॉर्कच्या पेड फॅमिली लीव्हमध्ये १२ आठवडे ६७ टक्के मिळतात (त्यालाही मर्यादा आहे) आणि ते काम कुठे करता यावर ठरतं, राहता कुठे यावर नाही. नोकरी घेतानाच हे विचारा, ओटभरणीच्या दिवशी नको.

दुसरी चूक माझी स्वतःची. कामाचा शेवटचा दिवस झाल्यावर मालक आरओई पाठवतो, म्हणजे किती तास भरले, किती पगार मिळाला त्याचा दाखला. मी ठरवलं, तो आला की अर्ज करू, सगळं एकदम नीट होईल. एचआरवाली "पाठवते हं" म्हणत राहिली, इकडे बाळ झालं, रात्रीची जागरणं सुरू झाली, आणि अर्ज केला तेव्हा शेवटच्या दिवसाला सहा आठवडे उलटून गेले होते. मुदत चार आठवड्यांची असते. मॅटर्निटीचे पैसे प्रसूतीनंतर साधारण १७ आठवड्यांपर्यंतच मिळतात, माझे त्यातले चार आधीच गेले होते, उरले तेरा, त्यातला पहिला वेटिंगचा, त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे हातात बारा. तीन आठवड्यांवर पाणी. अर्ज मागच्या तारखेपासून धरा म्हणून लेखी विनंती केली, ती नामंजूर. आता मी सगळ्यांना सांगते, शेवटच्या दिवशी घरी आलात की चहा ठेवा आणि चहा उकळेपर्यंत अर्ज सुरू करा. आरओई मागून येऊ दे.

पत्त्याचा शहाणपणा करू नका. एका मैत्रिणीने "कॅनडाचा पत्ता दिला की काम पटकन होतं" असं कुणाकडून तरी ऐकून विंडसरच्या दिराचा पत्ता टाकला. अर्ज केल्यावर त्याची पुढची कामं करायला लागणारा चार आकडी अ‍ॅक्सेस कोड पोस्टाने येतो, तो दिराच्या मेलबॉक्समध्ये पिझ्झाच्या जाहिरातींखाली पडून राहिला आणि दीर महिनाभर सांगलीला. वर आणखी एक, पत्ता कॅनडाचा म्हणून तिला रहिवासी धरलं गेलं आणि नॉन-रेसिडेंटचा जो २५ टक्के कर आधीच कापायचा असतो तो कापलाच नाही, पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं तेव्हा पैसे डायपरमध्ये संपलेले. असले शॉर्टकट सांगणाऱ्यांना मी हल्ली सरळ तोंडावर बोलते. खरा पत्ता द्या.

बाकीचं थोडक्यात. बँक खातं कॅनडाचं चालू ठेवा. एसआयएन (कॅनडाचा सोशल इन्शुरन्स नंबर) ९ ने सुरू होत असेल तर त्याची मुदत आधी बघा. माहेरी जाणार असाल तर ईआय भारतातही चालू राहतं, पण कॅनडाचं सिम बंद करून जाऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. मॅटर्निटीनंतरची पॅरेंटल रजा स्टँडर्ड (कमी आठवडे, दर आठवड्याला जास्त पैसे) की एक्स्टेंडेड (जास्त आठवडे, दर आठवड्याला कमी पैसे) हे नवऱ्याशी बसून आधी ठरवा, पहिला पॅरेंटल हप्ता जमा झाला की बदलता येत नाही. मध्ये एखाद दिवस कामावर गेलात तर तेही कळवा. आणि तो २५ टक्के कर जास्त वाटत असेल तर कॅनडाच्या आयकर कायद्याच्या सेक्शन २१७ खाली रिटर्न भरून थोडा परत मिळू शकतो, पण पुढच्या वर्षीच्या ३० जूनच्या आत. मी फ्रिजवर तारीख चिकटवून ठेवली होती, लसीकरणाच्या कार्डाशेजारी.