पायलट व्हायचे, पण कोणत्या दलात? सोलापूरच्या मुलामुलींनी या चुका टाळा

पुणे-हैदराबाद महामार्गावर सोलापूर साधारण मधोमध येते. पुण्याच्या बाजूला खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), हैदराबादच्या बाजूला दुंडीगलची हवाई दल अकादमी. रस्ता सरळ आहे. तरीही दरवर्षी हुशार मुले या रस्त्यावरून बाहेर फेकली जातात, कारण क्रम उलटा लागतो. आधी फ्लेक्स बघून दल ठरते, मग फॉर्म भरला जातो, मग क्लास लागतो आणि शेवटी कधीतरी डोळे तपासले जातात. खरे तर आधी डोळे आणि शरीराची मापे, मग विषय, मग वय आणि त्यानंतर उरलेल्या पर्यायांतून दल, असे जावे. पहिल्या तीन गोष्टींनीच निम्मी निवड होऊन जाते.

भरती म्हणजे पायलट नव्हे

जिल्ह्यात भरती अकॅडमी भरपूर आहेत. १६०० मीटर धावणे, गोळाफेक, पुलअप्स. पोलीस किंवा अग्निवीर होणाऱ्यांना त्याचा उपयोग आहेच. पण अग्निवीर वायू म्हणून हवाई दलात गेलेला मुलगा विमान उडवत नाही. तिन्ही दलांत पायलट हा अधिकारी असतो आणि अधिकारी होण्याचे दरवाजे वेगळे आहेत: बारावीनंतर एनडीए; पदवीनंतर सीडीएस (यूपीएससीची परीक्षा), एएफकॅट (हवाई दलाची परीक्षा), नौदलाच्या थेट पदवीधर जागा, एनसीसी स्पेशल एंट्री. 'एकदा आत शिरू, मग पायलट होऊ' या हिशेबावर चार वर्षे घालवू नका. आतून अधिकारी होण्याच्या वाटा आहेत, पण त्यांतून कॉकपिटपर्यंत पोहोचेस्तोवर वय हातचे निघून जाते.

दुसरे टोक म्हणजे आधी लाखो रुपये खर्चून कमर्शियल पायलटचे लायसन काढणे. सैन्याला त्याची गरज नाही, शून्यापासून उडायला ते स्वतः शिकवतात. लायसनचा फायदा एवढाच की सीडीएस आणि एएफकॅटमधून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा २४ ऐवजी २६ होते.

डोळे शेवटी तपासणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. हवाई दलाच्या पायलटसाठी एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. ६/९ चा डोळा चष्म्याने ६/६ पर्यंत यायला हवा, तोही फक्त प्लस नंबर असेल तर. उघड मायनस नंबर अजिबात चालत नाही. रंगदृष्टी सीपी-१ दर्जाची, म्हणजे सगळ्यांत कडक.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा ओळखीच्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन नुसते 'नंबर बघा' म्हणू नका. चार गोष्टी मागा: चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, थेंब घालून काढलेला नंबर, इशिहाराच्या पुस्तकावर रंगदृष्टी आणि बुबुळामागचा पडदा. थेंब घालूनच का? तरुण डोळा भिंगावर ताण देऊन खरा नंबर लपवतो. थेंबांनी तो ताण सुटतो आणि लष्करी डॉक्टरांना जे दिसणार ते तुम्हाला आधी दिसते. त्या दिवशी गाडी चालवू नका, काही तास जवळचे धूसर दिसते.

मायनस नंबर निघाला की घरचे लगेच लेसरकडे वळतात. इथे थांबा. बारावीनंतरच्या एनडीए प्रवेशातून पायलट होणाऱ्याला लेसर केलेला डोळा चालत नाही. पदवीनंतरच्या प्रवेशात हवाई दल लॅसिक किंवा पीआरके स्वीकारते, पण अटींवर: शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, तिला किमान १२ महिने झालेले असावेत, आधीचा नंबर ६ पेक्षा जास्त नसावा, डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. म्हणून अठराव्या वर्षी सुट्टीत उरकलेले लेसर पुढचा दरवाजाही बंद करते. करायचेच असेल तर विशीनंतर करा आणि आधीचे-नंतरचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. नौदल आणि आर्मीच्या अटी त्यांच्या त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा, हवाई दलाचे आकडे तिकडे लावू नका.

मापे मात्र घरी घेता येतात. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, आणि ती मुलींनाही सुटत नाही. त्याखेरीज कॉकपिटमध्ये माणूस मावतो का, हे ठरवणारी तीन मापे आहेत. भिंतीला पाठ आणि डोके टेकवून कठीण पाटावर बसा. पाटापासून डोक्याच्या टोकापर्यंत ८१.५ ते ९६ सेंटिमीटर हवेत. तसेच बसून पाय सरळ पुढे ताणा: भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२०. मग गुडघा काटकोनात दुमडा: भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत ६४ पेक्षा जास्त नको. सहा फुटी मुलांचा घात बहुतेक या शेवटच्या मापात होतो. मांडीचे हाड लांब असेल तर आणीबाणीत सीटसह बाहेर फेकले जाताना गुडघा पुढच्या पॅनेलवर आदळू शकतो, म्हणून ही मर्यादा.

अकरावीत गणित सोडणे

नीटच्या हवेत अनेक मुले पीसीबी घेतात आणि बारावीच्या दिवाळीत त्यांना एनडीए आठवते. एनडीएतून हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित तिन्ही लागतात. आर्मी विंगला कोणतीही शाखा चालते, पण तिथून आर्मीचा पायलट होणे ही पुढची, वेगळी निवड आहे. पदवीनंतर एएफकॅटच्या फ्लाइंग शाखेलाही बारावीला गणित आणि फिजिक्समध्ये प्रत्येकी किमान ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के मागतात. पदवी कोणतीही चालते, बीए सुद्धा. मात्र बारावीतले हे दोन विषय नंतर भरून काढणे जड जाते. ठरत नसेल तर पीसीएमबी घ्या.

दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: एनडीएची अट बारावीची आहे, डिप्लोमाची नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांचे गणित सहसा पक्के असते, तिथे भीती नाही. पण एनडीएच्या ९०० गुणांत गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० आहे, आणि त्या ६०० मध्ये इंग्रजी एकटे २०० गुणांचे. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत, मराठीत नाही. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे इंग्रजीत अंदाजपंचे ठोकणारा गणितात मिळवलेले तिथे घालवून बसतो.

दल निवडताना विमान बघणे

आता मूळ प्रश्न. पगार बघून दल ठरवणे तर निरर्थकच: लेफ्टनंट आणि फ्लाइंग ऑफिसर दोघांचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, आणि उड्डाण भत्ता तिन्हीकडच्या पायलटला. ठरवायचे असेल तर एकच प्रश्न विचारा: विमान बाजूला काढले तर उरलेले काम मला झेपेल का, आवडेल का?

हवाई दलात उड्डाण हेच मुख्य काम. बाकीची यंत्रणा त्याभोवती उभी असते. पण 'हवाई दल म्हणजे फायटर' हे समीकरण चुकीचे आहे. दुंडीगलला पिलाटस पीसी-७ वर पहिला टप्पा झाला की फायटर, वाहतूक विमान की हेलिकॉप्टर हे ठरते: तुमचे कौशल्य, दलाची गरज आणि शेवटी तुमची इच्छा, या क्रमाने. फायटरवाल्यांचे हॉक विमानावरचे प्रशिक्षण बिदरला होते, म्हणजे उमरगा-हुमनाबादच्या वाटेवर, आपल्या अगदी शेजारी. सी-१७ हे वाहतूक विमान किंवा चिनूक हेलिकॉप्टर वाट्याला आले तर ज्याचे तोंड उतरणार असेल त्याने आधीच विचार करावा. आणि फ्लेक्सवरचे मिग-२१ बघून ठरवणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

नौदलाचा पायलट आधी समुद्रावरचा अधिकारी असतो. विक्रांत आणि विक्रमादित्य या विमानवाहू जहाजांवरून उडणारे मिग-२९के सगळ्यांना दिसते, पण नौदलाचे बहुतांश उड्डाण हेलिकॉप्टर आणि टेहळणी विमानांचे आहे: एमएच-६०आर, डॉर्नियर, अरक्कोणमहून उडणारे पी-८आय. हलत्या जहाजाच्या छोट्या डेकवर रात्री हेलिकॉप्टर उतरवणे हे या पेशाचे खरे रूप. महिनोन् महिने घरापासून दूर जहाजावर राहणे जमणार नसेल तर नौदल नको. दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाला पोहता येत नाही ही गोष्ट मुलाखतीत आडवी येत नाही, प्रशिक्षणात येते. आत्ताच शिका.

इंजिनीअरिंगच्या मुलांना नौदलाची एक वाट ठाऊकच नसते: शॉर्ट सर्व्हिस पायलट, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नोकरी. त्याला गेली काही वर्षे लेखी परीक्षा नाही. बीई-बीटेकला ६० टक्के, दहावी-बारावीला ६०, आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६०. पदवीच्या गुणांवर थेट एसएसबीचे (अधिकारी निवडीच्या मुलाखतीचे) बोलावणे येते. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पाचव्या सेमिस्टरपर्यंतचे गुण धरले जातात, म्हणून 'शेवटच्या वर्षी मार्क काढू' म्हणत आधीच्या सेमिस्टरला एटीकेटी लावून घेणे इथे भोवते.

आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजी उभी राहिली. तिचे प्रशिक्षण नाशिकरोडला, आपल्याच राज्यात. इथे सगळे हेलिकॉप्टर: चीता, ध्रुव, रुद्र, प्रचंड, आणि २०२५ पासून अपाचे. जेट हवे असेल तर इथे येऊच नका. पण सियाचीनसारख्या ठिकाणी चीता उतरवणे हे कौशल्याच्या दृष्टीने कशाहून कमी नाही, आणि जमिनीवरच्या जवानाशी नाते ज्याला हवे त्याला हेच दल मानवते. आधी सैनिक, मग पायलट, हा क्रम मान्य असला पाहिजे.

मुलींसाठी तिन्ही दरवाजे उघडे आहेत. हवाई दलात २०१६ मध्ये पहिल्या तीन महिला फायटर पायलट झाल्या, नौदलात २०१९ मध्ये पहिली महिला पायलट, आर्मीत २०२२ मध्ये. एनडीएतही २०२२ पासून मुली आहेत.

किती वर्षे नोकरी, हेही आधीच बघा. एनडीएतून कायम कमिशन मिळते. एएफकॅटच्या फ्लाइंग शाखेत १४ वर्षे, वाढ नाही. नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिसमध्ये १० अधिक जास्तीत जास्त ४. अधिकाऱ्याला पेन्शन साधारण २० वर्षांनी लागते, म्हणजे १४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. छत्तीस-सदतीसाव्या वर्षी एअरलाइनकडे जायचे असेल तर ही अडचण नसून सोयच आहे.

सीपीएसएसला सहज जाऊन बसणे

पायलटच्या क्षमतेची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. तिच्या आधीच्या, जुन्या पीएबीटी चाचणीत नापास झालेल्यालाही हाच नियम. हवाई दलात नापास झाल्यावर नौदलातून पायलट होऊ, हा हिशेब चालत नाही. ग्राउंड ड्युटी आणि इतर शाखा मात्र खुल्या राहतात. म्हणून 'अनुभवासाठी देऊन बघू' हे वाक्य लेखी परीक्षेला लागू करा, इथे नाही.

पाठांतराचा उपयोग नाही, पण ओळखीचा आहे. विमानातली सहा मूळ उपकरणे आधी समजून घ्या: वेग, उंची, कृत्रिम क्षितिज, दिशा, वळण, चढ-उताराचा दर. होकायंत्रावर ०९०, १८०, २७० म्हणजे कुठली दिशा, हे विचार न करता यायला हवे. अल्टिमीटरचे काटे घड्याळासारखे एका नजरेत वाचता यावेत. पहिल्या भागात उपकरणे समजावून सांगून लगेच त्यांवर प्रश्न येतात, आणि तिथे गोंधळतो तो इंग्रजी सूचना हळू वाचणारा. दुसऱ्या भागात हात, पाय आणि डोळे एकाच वेळी चालवायचे असतात. आदली रात्र रेल्वेच्या जनरल डब्यात काढून तिथे पोहोचू नका.

अडलेच तर

वय बसत नाही असे ऐनवेळी कळते, कारण मुले परीक्षेच्या दिवशीचे वय मोजतात. धरले जाते ते कोर्स सुरू होतानाचे. जानेवारी २०२८ च्या कोर्ससाठी एएफकॅट देणाऱ्याचा जन्म २ जानेवारी २००४ ते १ जानेवारी २००८ मधला हवा, आणि परीक्षा त्याआधी साधारण अकरा महिने होते. एनडीएची १६½ ते १९½ ही मर्यादाही जाहिरातीतल्या जन्मतारखांवरूनच तपासा.

यूपीएससीचे परीक्षा केंद्र दूर आले तर फॉर्म उशिरा भरला असे समजा. जो आधी भरतो त्याला केंद्र आधी मिळते.

एनडीएच्या फॉर्मवर एकच पसंती लिहून मोकळे होऊ नका. फक्त हवाई दल लिहिले आणि सीपीएसएस हुकली, तर चांगली रँक वाया जाते. मात्र जिथे जायचेच नाही ते दल उगाच जागा भरायला लिहू नका, मिळते.

मेडिकलमध्ये अनफिट ठरवले तर कारण लिहून घ्या आणि मुदतीत अपील मेडिकल बोर्ड मागा. कानातला मळ, वजन, नाकाचा वाकडा पडदा अशा बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. रंगदृष्टी होत नाही.

लेखी पास झालात आणि एसएसबीचे पत्र आले, तर महागडा क्लास शोधण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातील उमेदवारांना एसएसबीची तयारी राहण्या-जेवण्यासह मोफत करून देतात. दहावीतल्या मुलाने छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे.

आणि कागदपत्रे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बारावीला वडिलांच्या नावात 'राव' जास्तीचे. फॉर्म भरताना दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच लिहा, आणि आधारची दुरुस्ती फॉर्म निघण्याआधी उरकून घ्या. एसएसबीच्या पहिल्या सकाळी कागद तपासणारा अधिकारी 'आमच्याकडे असंच लिहितात' हे ऐकून घेत नाही.